पोटातले विरजण

घर साताऱ्याचे असो की सांगलीचे, विरजण बिघडले की आई शेजारून चांगले विरजण आणते. आपल्या मोठ्या आतड्यातही उपयुक्त जीवाणूंचे असेच विरजण असते. प्रतिजैविके घेतली की रोगजंतूंबरोबर त्यांतलेही पुष्कळ मरतात. मग रिकाम्या जागी कधी कधी ‘क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल’ हा जीवाणू माजतो. त्याच्या विषाने जुलाब होतात. त्याचे बीजाणू औषधाला दाद देत नाहीत. म्हणून काही मुलांत आजार पुन्हा पुन्हा उलटतो.

यावर उपाय कोणता? निरोगी माणसाची तपासलेली विष्ठा मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून रोग्याच्या आतड्यात सोडतात. नाक मुरडू नका! २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत ३३५ मुले व तरुणांपैकी २७१ जण एकाच वेळच्या उपचाराने बरे झाले.

पण विरजणच नासके असेल तर? २०१९ साली अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतील घातक जीवाणूंमुळे प्रतिकारशक्ती क्षीण असलेला एक रोगी दगावला. म्हणून हा उपचार रुग्णालयातच, तज्ज्ञांच्या हातून व्हावा.

आणि तुम्ही काय कराल? साध्या सर्दीसाठी प्रतिजैविक मागू नका. सर्दीचे विषाणू त्याने मरत नाहीत. मरते ते पोटातले विरजण!