चेहऱ्यांचे खेळ : लहान मुलांना भावना समजून घेताना

बालवाडीतल्या मुलांना आपण फळं, रंग, प्राणी ओळखायला शिकवतो. पण 'मला राग आलाय', 'मला भीती वाटतेय' हे सांगायला मात्र शिकवायचं राहून जातं. मग मूल ढकलतं, चावतं, नाहीतर कोपऱ्यात जाऊन बसतं. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ३ ते ८ वयोगटासाठी भावनिक विकासाला स्वतंत्र स्थान आहे. त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही. म्हसवडसारख्या गावात सहज मिळेल अशा वस्तूंवर पुढचे खेळ घेता येतात.

खेळ १ : तू माझा आरसा

दोन-दोन मुलं समोरासमोर बसवा. एकानं चेहरा करायचा, दुसऱ्यानं आरशासारखा तसाच करायचा. मग अदलाबदल. सुरुवातीला नुसती हसाहशी होते, होऊ द्या. नंतर विचारा, "राग आला की भुवया कुठं जातात? घाबरल्यावर डोळे कसे होतात?"

खेळ २ : मातीचा चेहरा

साहित्य : ओली माती, चिंचोके, काड्या, सुतळीचा तुकडा.

मातीची भाकरीएवढी चकती थापा. चिंचोक्यांचे डोळे, काड्यांच्या भुवया, सुतळीचं तोंड. आता गंमत अशी, की तोंड सरळच ठेवायचं आणि फक्त काड्या फिरवायच्या. आतली टोकं खाली आली की चेहरा रागावलेला दिसतो. तीच टोकं वर केली की बिचारा दिसतो. चेहरा म्हणजे फक्त तोंड नव्हे, हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं.

या वेळी शब्दही द्या. आपण सहसा 'हसरा' आणि 'रडका' एवढ्यावरच थांबतो. मराठीत रुसलेला, हिरमुसलेला, बावरलेला, वैतागलेला, ओशाळलेला असे किती तरी शब्द आहेत! रोज एकच शब्द घ्या आणि तो दिवसभरात दोन-तीनदा वापरा.

खेळ ३ : यात्रेतले चेहरे

मार्गशीर्षातली सिद्धनाथाची रथयात्रा आपल्या मुलांनी पाहिलेली असते. वर्गातच यात्रा भरवा. खुर्चीचा रथ करा. कुणी बाबांच्या खांद्यावर बसलेलं मूल, कुणी फुगेवाला, कुणी गर्दीत आजीचा हात सुटलेलं मूल. मग प्रत्येकाला विचारा, "तुला आता काय वाटतंय?" यात्रा एकच, गुलालही एकच, पण एकाला मजा वाटते, दुसऱ्याला धडकी भरते. दोघांचंही बरोबर आहे, हे मुलांना कळायला हवं.

सगळ्यात महत्त्वाचं : ओळखू नका, विचारा

या खेळांत एक धोका आहे. 'हा चेहरा कोणता? बरोबर! शाब्बास!' अशी त्याची परीक्षा होते. पण गप्प बसलेलं मूल दु:खीच असेल असं नाही. त्याला भूक लागलेली असेल, झोप आली असेल, किंवा ते नुसतं विचार करत असेल.

आपल्या माणदेशात हे जास्त जपावं लागतं. दिवाळीच्या आसपास काही मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. काहींचे वडील गलाईच्या कामासाठी दूरच्या शहरात असतात. मूल आजी-आजोबांजवळ राहतं. त्याला आठवण आलेली असते, कधी रागही आलेला असतो, आणि आपण म्हणतो, "हा रडकाच आहे." म्हणून चेहरा पाहून निकाल देऊ नका. "तू गप्प दिसतोयस. काय झालं? सांगावंसं वाटतंय का?" एवढंच विचारा. ते नाही बोललं तर जवळ बसा.

हे टाळा

- "मुलगा असून रडतोस?" असं म्हणणं.
- खऱ्या रडण्याची सगळ्यांसमोर नक्कल करणं.
- डोळ्यांत बघण्याची सक्ती. काही मुलांना ते खरंच अवघड जातं. त्यांना माती, चित्र किंवा बाहुलीतून व्यक्त होऊ द्या.

पालकांसाठी

रात्री जेवताना प्रत्येकानं दिवसातली एक आनंदाची आणि एक त्रासाची गोष्ट सांगायची. आधी मोठ्यांनी सांगावी. "आज एसटी चुकली, मी फार वैतागले" असं आई म्हणाली, की मुलालाही आपलं सांगायला वाट मिळते. बाहेरगावी असलेल्या आईवडिलांनी फोनवर "अभ्यास केला का?" याच्या आधी "आज कुणाबरोबर खेळलास? मजा आली का?" हे विचारावं. आणि मूल "तुम्ही कधी येणार?" म्हणून रडलं, तर "रडू नको" म्हणण्यापेक्षा "मलाही तुझी आठवण येते" असं सांगावं, आणि यायचा दिवस नक्की माहीत असेल तरच तो सांगावा.