नाव हीसुद्धा पुंजी आहे



दुकानात गिऱ्हाईक नसले की आमची मुले मोबाईलवर क्रिकेटचा गेम खेळत बसतात. आम्ही त्यांना रागावतो. परंतु हे गेम बनविणाऱ्यांचा धंदा पाहिला, तर त्यात आपल्यासाठी धडा आहे : मालाइतकीच किंमत नावाला असते, आणि नाव ज्याचे त्याच्या परवानगीनेच ते वापरावे लागते.

प्रथम परदेशाचे उदाहरण घेऊ. बेसबॉल हा अमेरिका व जपानमधील लोकप्रिय खेळ. जपानच्या नामको कंपनीने १९८६ मध्ये त्याचा व्हिडिओ गेम काढला. १९८८ मध्ये टेंगेन कंपनीने तो 'आर.बी.आय. बेसबॉल' या नावाने अमेरिकेत आणला. टेंगेनने खेळाडूंच्या संघटनेचा परवाना घेतला, पण सामने भरविणाऱ्या लीगचा घेतला नाही. परिणामी खेळाडूंची नावे खरी आली. संघांची नावे व चिन्हे मात्र वापरता आली नाहीत, शहर-प्रांताच्या नावावर भागवावे लागले. १९९५ नंतर ही मालिका बंद पडली. २०१४ मध्ये ती पुन्हा सुरू केली खुद्द लीगने, म्हणजे संघांच्या नावांच्या मालकानेच!

आता आपल्या राज्यात या. २०१३ साली अनुज मांकर यांनी नॉटिलस मोबाईल ही कंपनी काढली. तिची 'रियल क्रिकेट' मालिका फुकट मिळते. कमाई होते जाहिराती आणि गेममधील खरेदीतून. २०२३ मध्ये कंपनीने परवान्याचा करार केला आणि 'रियल क्रिकेट २४' मध्ये अनेक देशांच्या खेळाडूंची खरी नावे रीतसर आली. २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर देऊन कंपनीचा ताबा घेतला. गोदामात एक तागाही नसताना एवढी किंमत आली ती कारागिरीची आणि नावाची.

आपल्या कोल्हापूरकडे पाहा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने तशाच चपला आपल्या प्रदर्शनात मांडल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. बोभाटा झाल्यावर त्यांना ही भारतीय कारागिरी असल्याचे मान्य करावे लागले. नाव नोंदलेले होते, म्हणून आपला दावा भक्कम ठरला.

तेव्हा आपल्या छापाची नोंदणी करून घ्यावी. कापडासाठी वर्ग २४, तयार कपडे व पादत्राणांसाठी वर्ग २५. छोट्या व्यावसायिकाला ऑनलाईन अर्जाची फी प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षे चालते, पुढे नूतनीकरण होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दुसऱ्या गिरणीचा छाप मारून तागे विकणारे आम्ही कापडबाजारात पाहिले आहेत. दोन पैसे सुटतात, पण ती हलाल कमाई नव्हे. दुसऱ्याचे नाव ही अमानत आहे. ती जपली, तरच आपल्या नावात बरकत येईल, इन्शाअल्लाह.