स्पीकरचा आवाज ‘वॉर्म’ म्हणजे नेमका कसा?

प्रश्न : स्पीकरच्या परीक्षणांत ‘वॉर्म’, ‘ब्राइट’, ‘बूमी’, ‘म्युझिकल’ असे शब्द येतात. त्यांना खरंच अर्थ असतो, की नुसता शब्दांचा फुलोरा?

उत्तर : काही शब्दांना पक्का अर्थ आहे, काहींना नाही.

‘वॉर्म’ म्हणजे साधारण १०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात थोडा जास्त जोर. बीबीसीने १९७०च्या दशकात ओबी (बाह्य प्रक्षेपण) व्हॅनसाठी घडवलेला एलएस३/५ए हा चिमुकला स्पीकर याचं नामी उदाहरण. खोल खर्ज त्याला झेपत नाही, पण वरच्या खर्जातला किंचित फुगवटा आवाज भरदार भासवतो. ‘ब्राइट’ स्पीकरवर गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात; तिथे ५ ते ८ हजार हर्ट्झचा भाग बहुधा चढा असतो. दोन्ही गोष्टी मायक्रोफोन लावून मोजता येतात.

‘बूमी’चा दोष मात्र अनेकदा खोलीचा. ३.४ मीटर लांबीच्या खोलीत ५० हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये घुमत राहतो. स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढला, तरी पुष्कळदा फरक जाणवतो.

‘म्युझिकल’? ते कुठल्याच आलेखावर बोट ठेवून दाखवता येत नाही.

शिवाय डोळे कानांना फितवतात. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४मध्ये मांडलेल्या चाचण्यांत, स्पीकर समोर दिसत असताना दिलेले गुण तो पडद्याआड जाताच बदलले. आवाजाची पातळीही अशीच फसवते; म्हणून दुकानात तुलना करायचे दोन्ही स्पीकर सारख्याच पातळीवर वाजवायला सांगावेत. जरा मोठा वाजणारा हमखास सरस वाटतो.