कानाची मशीन काढू नका, फोन धरण्याची रीत बदला

वस्तीत आरोग्य तपासणीसाठी फिरताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कानाची मशीन मिळालेली असते, पण फोन वाजला की ती आधी काढली जाते. विचारले तर उत्तर ठरलेले, "फोन लावला की शिट्टी वाजते." मग फोन नातवाच्या नाहीतर सुनेच्या हाती जातो. दवाखान्याची तारीख, बँकेचा निरोप, गावाकडच्या भावाची खुशाली, सगळे दुसऱ्याच्या कानाने ऐकायचे. हळूहळू माणूस फोन घेणेच सोडून देतो. म्हणून मशीन कानात ठेवूनच फोनवर कसे बोलायचे, ते या वेळी समजून घेऊया.

शिट्टी का वाजते?

कानामागे बसणाऱ्या मशीनचा माईक कानाच्या वरच्या बाजूला असतो. आपण मात्र सवयीने फोन कानाच्या भोकावर दाबून धरतो. त्यामुळे फोनमधला आवाज माईकपर्यंत नीट पोचत नाही. शिवाय मशीनचा कानातून निसटलेला आवाज फोनवर आपटून परत माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते.

उपाय सोपा आहे. फोनचा ऐकण्याचा भाग कानाच्या वर, मशीनच्या माईकजवळ धरा. दाबू नका, थोडी जागा सोडा. फोन जरासा तिरपा करत जिथे स्पष्ट ऐकू येईल ती जागा शोधा. फोन जवळ नसतानाही शिट्टी येत असेल तर कानातला साचा सैल झाला असेल किंवा कानात मळ साचला असेल. काडी, पिन, तेल काहीही घालू नका. रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा.

घरघर ऐकू आली तर

फोनच्या लहरींमुळे काही मशीनमध्ये घरघर येते. रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो. पत्र्याच्या घरात हे हमखास होते, म्हणून दारात किंवा मोकळ्यावर येऊन बोला. नाहीतर स्पीकर लावून फोन हातभर दूर धरा. काही मशीनमध्ये फोनसाठी 'टी' नावाची सोय असते. आपल्या मशीनमध्ये ती आहे का, आपल्या फोनबरोबर चालते का, हे मशीन बसवणाऱ्यांना विचारा. नवा फोन घेताना मशीन घालूनच दुकानात जा, एक फोन लावून बघा आणि मगच पैसे द्या.

अर्धवट ऐकून 'हो' म्हणू नका

कमी ऐकू येणारी माणसे संकोचाने "हो, हो" म्हणून मोकळी होतात. फसवणारे याचाच फायदा घेतात. "मला कमी ऐकू येते, सावकाश बोला" किंवा "मेसेज पाठवा" असे स्पष्ट सांगा. यात लाज कसली? बँक फोनवर ओटीपी किंवा पिन मागत नाही. स्पीकर चालू असताना तर असे आकडे मुळीच बोलू नका, शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू जातात. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

तरुण मुलांसाठी

आज इअरफोनचा आवाज वाढवणारे कान उद्या मशीन मागतील. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आवाज फोनच्या कमाल आवाजाच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवा. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या बारीक पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. कानात सतत सूंऽऽ असा आवाज येत असेल तर ती धोक्याची सूचना समजा. रस्ता किंवा रेल्वे रूळ ओलांडताना इअरफोन काढाच.

सेल सांभाळा

मशीनचा बटणासारखा सेल लहान मूल गोळी समजून तोंडात घालते. सेल उंचावर, झाकणाच्या डबीत ठेवा. गिळल्याची शंका आली तरी उलटी करवू नका, लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. पावसाळ्यात आणि अंघोळीच्या वेळी मशीन कोरडी ठेवा. रात्री मशीन काढून सेलचे झाकण उघडे ठेवा, म्हणजे ओल धरत नाही.

मशीन नसेल तर

केंद्र सरकारच्या एडिप योजनेत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला आणि महिन्याला २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर मशीन मोफत मिळू शकते. जिल्हा रुग्णालयात कानाची तपासणी आणि दाखल्याची चौकशी करा. मुंबईकरांसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही कानाच्या उपचाराची राष्ट्रीय संस्था आहे. मशीन मिळाल्यावर आवाज जुळवून घ्यायला पुन्हा जावे लागते, तो हेलपाटा टाळू नका. बरोबर बसवलेली नाही म्हणून कपाटात पडलेल्या मशीन आम्ही फार पाहिल्या आहेत.

आज संध्याकाळी घरातल्या आजी-आजोबांना मशीन घालायला लावा. तुम्ही बाहेर जाऊन त्यांना फोन करा आणि नीट ऐकू येईपर्यंत फोन वरखाली करू द्या. दोन-चार दिवस असा सराव झाला की पुढचा फोन ते स्वतःच उचलतील.