मोल, किंमत आणि संकेतस्थळ

मराठीत मोलाचा सल्ला फुकट मिळतो आणि मोलमजुरीला मात्र पैसे पडतात. शब्द एकच, ‘मूल्य’ या संस्कृत शब्दाचे ते घरगुती रूप. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या ‘किंमत’ या शब्दाचेही तसेच. बाजारात आपण भाजीची किंमत विचारतो, आणि ‘त्याला माणसांची किंमत नाही’ असेही म्हणतो. बोलताना हा दुहेरीपणा अडत नाही, कारण संदर्भ सांभाळून घेतो. व्यवहार करायची वेळ आली की अडतो.

माझ्यापुढे हा प्रश्न आला तो असा. सभासदांनी वर्षानुवर्षे लिहिलेले लेख, बोलीतले शब्द, पाककृती, प्रवासवर्णने असा साठा असलेले एक मराठी संकेतस्थळ विकत घ्यायला कोणी तयार झाले. चालकांपैकी एक जण माझे जुने स्नेही. त्यांनी विचारले, “किती मागावेत?” मी भाषेचा शिक्षक, हिशेबनीस नव्हे; पण त्या निमित्ताने मूल्यमापनाच्या पद्धती वाचल्या, आणि भाषेच्या अभ्यासकालाही त्यांत पाहण्यासारखे बरेच आहे असे वाटले. पुढची उदाहरणातली बेरीज-गुणाकाराची रक्कम मी सोयीसाठी धरली आहे, त्या स्थळाची ती नव्हे.

पहिली पद्धत उत्पन्नाची. समजा, महिन्याला दहा लाख पाने वाचली जातात आणि जाहिरातीतून दर हजार पानांमागे ३० रुपये मिळतात. महिन्याचे झाले ३०,००० आणि वर्षाचे ३,६०,०००. सर्व्हरचे भाडे, नावाची नोंदणी, देखभाल यांवर १,२०,००० गेले तर उरतात २,४०,०००. लहान संकेतस्थळांच्या खरेदी-विक्रीत साधारणपणे दोन ते चार वर्षांच्या निव्वळ नफ्याइतकी रक्कम ठरते. तीन वर्षे धरली तर ७,२०,००० रुपये. नारळाची बाग खंडाने देताना जसा विचार करतात तसाच हा आहे: झाड किती सुंदर आहे हे कोणी विचारत नाही, वर्षाला नारळ किती पडतात तेवढेच विचारतात.

दुसरी पद्धत पुन्हा उभारणीच्या खर्चाची. स्थळावर २०,००० लेख आहेत, एका लेखाला तीन तास लागले आणि तासाचे मोल २०० रुपये धरले, तर १,२०,००,००० रुपये होतात. सात लाख वीस हजार कुठे आणि एक कोटी वीस लाख कुठे! दुसरा आकडा पाहून स्नेही खूश झाले. मी त्यांना म्हटले, थांबा. खर्च झाला म्हणून तेवढे मोल आले असे होत नाही. तीन ओळींचा अर्धवट लेखही या हिशेबात तीन तासांचा धरला गेला आहे. उलट, ज्या सभासदाने कोणाच्या नावावर न येता वर्षानुवर्षे इतरांचे शुद्धलेखन सुधारले, चुकीच्या व्युत्पत्त्या खोडून काढल्या, त्याचा एकही तास यात आलेला नाही.

तिसरी पद्धत माणसे मोजण्याची, आणि वर्तमानपत्रांना आवडते ती हीच. २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्रामसाठी १ अब्ज डॉलर जाहीर केले. तेव्हा तिथे १३ कर्मचारी आणि सुमारे ३ कोटी वापरकर्ते होते. २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपसाठी १९ अब्ज डॉलर जाहीर झाले. वापरकर्ते सुमारे ४५ कोटी. म्हणजे माणशी ४२ डॉलर. या हिशेबामागे मेटकाफ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम उभा असतो: जाळ्याचे मोल माणसांच्या संख्येने नव्हे, त्यांच्यातल्या संभाव्य जोड्यांच्या संख्येने वाढते. १०० माणसांत ४,९५० जोड्या होतात, २०० माणसांत १९,९००. माणसे दुप्पट, जोड्या चौपट.

अँड्र्यू ओडलिझ्को आदी गणितज्ञांनी यावर साधा आक्षेप घेतला आहे: सगळ्या जोड्या सारख्या कामाच्या नसतात. माझ्या गावाकडे पाहिले तरी हे पटते. मी राहतो ते गुंद हे जोयडा तालुक्यातले, जंगलात विखुरलेल्या घरांचे गाव. इथला प्रत्येक जण प्रत्येकाशी बोलू शकतो, पण बोलतो तो मोजक्यांशीच. ऑनलाइन समूहातही बहुसंख्य लोक फक्त वाचतात, थोडे अधूनमधून लिहितात, आणि समूह ज्यांच्यामुळे चालतो ती माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. ती निघून गेली की सभासदसंख्येचा आकडा तसाच राहतो आणि मोल उडून जाते. न्यूज कॉर्पोरेशनने मायस्पेस २००५ मध्ये ५८ कोटी डॉलरना घेतले आणि २०११ मध्ये सुमारे साडेतीन कोटींना विकले. याहूने १९९९ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक मोजून जिओसिटीज घेतले; २००९ मध्ये ते बंदच केले.

या तिन्ही पद्धती विकणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या बाजूने पाहतात. वाचणाऱ्याच्या बाजूने पाहणारी चौथी पद्धत अलीकडची आहे. एरिक ब्रिन्योल्फसन, अविनाश कोलिस आणि फेलिक्स एगर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या लोकांना उलटा प्रश्न विचारला होता. ‘यासाठी किती पैसे द्याल?’ असे नव्हे, तर ‘हे सोडायला किती पैसे घ्याल?’ मधले उत्तर असे आले: शोधयंत्र वर्षभर सोडायला १७,५३० डॉलर, ई-मेल सोडायला ८,४१४ डॉलर. ज्यासाठी कोणी एक पैसाही देत नाही, त्याचे हे मोल.

हाच प्रश्न मी गावातल्या काही मुलांना विचारून पाहिला. फोनमधली एखादी गोष्ट महिनाभर सोडायला काय घ्याल? एक मुलगी म्हणाली, “सर, पावसाळ्यातला महिना असेल तर फुकट घ्या. तेव्हा नाहीतरी नेटवर्क नसतं.” सगळे हसले, पण तिने पद्धतीतला कच्चा दुवा अचूक पकडला होता. सोडण्याचे मोल आधी मिळण्यावर अवलंबून असते. ज्याला ती गोष्ट कधी नीट मिळालीच नाही, त्याचा आकडा लहान येतो. म्हणून त्याला तिची गरज कमी आहे असा अर्थ काढणे चूक. मराठीतल्या ऑनलाइन साहित्याला वाचक कमी म्हणून त्याचे मोल कमी, असे कोणी मांडले की मला ही मुलगी आठवते.

जोयडा तालुक्यात हा सोडण्याचा प्रश्न नवा नाही. काळी नदीवर धरण बांधले गेले तेव्हा जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. तालुक्याला पूर्वी त्याचेच नाव होते. लोक रामनगर आणि इतरत्र वसवले गेले. त्या काळी जमिनी घेण्याचा देशभरचा कायदा १८९४ चा. त्याच्या २३ व्या कलमात भरपाईत काय धरावे ते सांगितले होते: जमिनीचा बाजारभाव, उभी पिके, झाडे, जागा बदलण्याचा खर्च, आणि सक्तीने घेतल्याबद्दल वर १५ टक्के, १९८४ मध्ये हे ३० टक्के झाले. लगेच पुढच्या २४ व्या कलमात काय धरू नये त्याची यादी होती, आणि तिच्यात जमीन सोडण्याविषयी मालकाची नाखुशी स्पष्टपणे नोंदवली होती. ती हिशेबात घ्यायची नाही! मला हे कलम वाचताना थक्क व्हायला झाले. अर्थशास्त्रज्ञांची चौथी पद्धत नेमकी जी नाखुशी मोजते, तीच कायद्याने बाजूला ठेवायला सांगितली होती. कायद्याचीही बाजू आहे. नाखुशी मोजायची तर प्रत्येक जण आकडा फुगवून सांगेल. पण शेजार, आठवड्याचा बाजार, ‘वरच्या वाड्यातली’ म्हणून असलेली ओळख हे सगळे त्या एका शब्दात जाऊन बसते, आणि त्याचा रकाना रिकामा राहतो.

संकेतस्थळ बंद होते तेव्हा तर १५ टक्केही मिळत नाहीत. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. त्यावर मराठी समूह कितीतरी होते. बोलींवर, गावांवर, कवितेवर लोकांनी तिथे लिहिले होते. समूहांतले सार्वजनिक लेखन काही काळ पाहायला ठेवले होते, पुढे तेही गेले. पहिल्या दशकातली देवनागरी टंकलेखनाची धडपड, रोमन लिपीत लिहिलेली मराठी, परदेशातल्या मराठी माणसांची मिश्र भाषा, असा भाषाभ्यासाचा ऐवज त्यात होता.

शेवटी स्नेह्यांना मी एक वेगळाच प्रश्न विचारला: तुम्ही विकणार आहात ते तुमचे आहे का? १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा पहिला मालक, काही अपवाद सोडता, लेखकच असतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. सभासदांनी तसे काही लिहून दिलेले नसेल, तर घेणाऱ्याला मिळते ते स्थळाचे नाव, आज्ञावली आणि सभासदांची यादी. यादी विकायची का, हा आणखी वेगळा आणि मला न पटणारा व्यवहार. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तिथे लिहिणारा आपला मजकूर मुक्त परवान्याखाली देतो, श्रेय आणि तोच परवाना कायम ठेवून कोणीही तो वापरावा. म्हणजे मक्तेदारी विकताच येत नाही, म्हणून विक्रीची किंमत जवळजवळ शून्य. पण उद्या ते स्थळ चालवणारे बदलले तरी मजकूर कोणालाही उतरवून घेऊन पुन्हा उभा करता येतो. बाजारभाव पाडणारी अटच तो मजकूर टिकवते.

स्नेह्यांनी अजून विकलेले नाही. त्यांनी आधी सभासदांना पत्रे लिहायला घेतली आहेत: तुमच्या लेखनाचे काय करावे, मुक्त परवान्याखाली ठेवू का, की काढून परत देऊ? निम्म्या पत्त्यांवरून पत्रे परत येत आहेत. काही जण हयात नाहीत. त्यांच्या मुलांना आपले वडील तिथे लिहीत होते हेच माहीत नव्हते. एका मुलाने उत्तरात विचारले आहे की, बाबांनी लिहिलेले सगळे एकत्र छापून मिळेल का, आणि त्याचे किती पैसे होतील.