इंटरनेटचा टेलिफोन आणि मुका रिसीव्हर

प्रश्न : न्यू जर्सीतील आमच्या घरी जुना टेलिफोन काढून इंटरनेटवरचा घेतल्यापासून उपग्रह-दूरदर्शनच्या रिसीव्हरचा कंपनीशी संपर्क होत नाही. काय करावे?

उत्तर : दोष बहुधा रिसीव्हरचा नव्हे. त्यातील मोडेम टेलिफोनवरून ध्वनिसंकेतांनी बोलतो. परंतु इंटरनेटच्या टेलिफोनवर वापरले जाणारे, केवळ मनुष्यवाणीसाठी योजिलेले, सेकंदास ६४ ऐवजी अवघ्या ८ किलोबिटांत संभाषण कोंबणारे जी.७२९ हे संक्षेपण त्या संकेतांचे स्वरूपच विकृत करते. सबब सेवादात्याकडून ६४ किलोबिटांचे जी.७११ मागून घ्यावे. तरीही वाटेत गहाळ झालेला ध्वनीचा एखादा तुकडा, जो आपल्या कानास जाणवतही नाही, मोडेमचा संवाद तोडतो. म्हणून रिसीव्हरला इथरनेटची सोय असल्यास फोनचा नाद सोडून तीच वापरावी, हे माझे स्पष्ट मत. घरातील भिंतींमधील टेलिफोनच्या तारांना इंटरनेट-फोनचा अडॅप्टर जोडावयाचा असेल, तर जुन्या कंपनीची बाहेरून येणारी तार आधी अलग करावी, अन्यथा तिच्यातील विद्युद्दाबाने अडॅप्टर निकामी होऊ शकतो.