दुखणे अंगावर काढू नका



जून महिना येशूच्या पवित्र हृदयाला वाहिलेला आहे. आपल्या बहुतेक घरांत पवित्र हृदयाची तसबीर आहे. तिच्यासमोर बसून आपण रोझरी म्हणतो, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. याच महिन्यात पावसाळाही सुरू होतो. म्हणून आज आपल्या स्वतःच्या हृदयाविषयी आणि पावसाळी आजारांविषयी काही गोष्टी समजून घेऊ या.

मयताच्या घरी गेल्यावर पुष्कळदा असे ऐकू येते, “रात्री छातीत जळजळत होते, पित्त असेल म्हणून सोडा प्यायले आणि झोपले.” किंवा, “चार दिवस ताप होता, लावणी आटोपली की डॉक्टरकडे जाणार होते.” देवाची इच्छा म्हणून आपण ते दुःख स्वीकारतो. परंतु काही वेळा ती देवाची इच्छा नसते, तो आपला उशीर असतो. ज्यांच्या घरी असे घडले त्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. दुसऱ्या घरी तसे घडू नये, एवढीच इच्छा आहे.

पवित्र शास्त्र याबाबत काय शिकवते? बेनसिराच्या पुस्तकातील ३८ वा अध्याय जरूर वाचावा. वैद्य आणि औषधे ही देवाचीच देणगी आहे, आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्याकडेही जावे, अशी तेथील शिकवण आहे. प्रार्थना आणि उपचार यांत विरोध नाही. संत लूकला तर आपण वैद्य म्हणूनच ओळखतो.

१. छातीत दुखले तर

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली की तेथील स्नायूला प्राणवायू मिळत नाही आणि तो मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणून सुरुवातीचा एकेक मिनिट मोलाचा असतो.

छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे वाटणे, ते दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम येणे, दम लागणे, मळमळणे ही लक्षणे आहेत. स्त्रियांना व मधुमेह असलेल्यांना कधी कधी छातीत फारसे दुखतही नाही. नुसता थकवा, धाप किंवा उलटी होते. “कामाने दमले असेन” म्हणून आपल्या आया-बहिणी ते अंगावर काढतात.

असा त्रास काही मिनिटांत थांबला नाही, तर १०८ वर फोन करावा किंवा जेथे ईसीजी निघतो अशा रुग्णालयात लगेच जावे. आजाऱ्याला चालवू नये, त्याने स्वतः स्कूटर चालवत जाऊ नये. मध्यरात्र असली तरी शेजाऱ्याचे दार ठोठवायला संकोच करू नये. ईसीजी काढल्यावर पित्तच निघाले, तर देवाचे आभार मानून घरी यावे. त्यात लाज कसली?

२. न दुखणारे दुखणे

उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणून तो ओळखता येत नाही. मोजणे हाच उपाय. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास चहा किंवा सिगारेट घेऊ नये. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, तर डॉक्टरांना भेटावे. बरे वाटते म्हणून गोळी मनाने बंद करू नये. गोळीमुळेच बरे वाटत असते.

आता मिठाविषयी. दिवसाला एका माणसाला सगळे मिळून एक चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, एवढेच मीठ पुरे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ताजी मासळी कमी, म्हणून घरोघरी सुके बोंबील, सुकट, खारवलेले मासे निघतात. जोडीला लोणचे आणि पापड. रक्तदाब असलेल्यांनी खारवलेले मासे शक्यतो टाळावेत. करायचेच झाले, तर भिजत घालून दोन-तीन पाण्यांत धुवावेत आणि कालवणात वरून मीठ घालू नये. तंबाखू आणि मशेरी पूर्ण सोडावी. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे. पाऊस असेल तर घरातल्या घरात चालावे.

३. पावसाळी ताप

आपल्या वसईत आजही अनेकजण चिखलात उतरून लावणी करतात, वाडीत राबतात. साचलेल्या पाण्यात उंदरांचे व गुरांचे मूत्र मिसळते आणि पायाच्या जखमेतून लेप्टोचे जंतू शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती. जखम झाकावी, शक्य तेथे गमबूट घालावेत, घरी येताच साबणाने पाय धुवावेत. लेप्टो बहुधा एक-दोन आठवड्यांनी प्रकटतो. म्हणून ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असा त्रास झाला, तर “मी पाण्यातून चाललो होतो” हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. पिंपे, करवंट्या, जुने टायर, फ्रीजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा कोरडे करावेत. दफनभूमीतील आपल्या आप्तांच्या कबरींवरच्या फुलदाण्याही विसरू नयेत. त्यांत पाण्याऐवजी ओली वाळू भरावी. ताप आल्यास अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये, डेंग्यू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी तापात लगेच डॉक्टरांना विचारावे. डेंग्यूत ताप उतरल्यावरही पोटात खूप दुखले, सारख्या उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर तत्काळ रुग्णालयात जावे.

फ्लूचा ताप हृदयरोग्यांना विशेष घातक असतो. फ्लूनंतरच्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो. ज्येष्ठांनी व हृदयरोग्यांनी दरवर्षीच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे. पाणी उकळून प्यावे, हे तर आपण जाणतोच.

समूहाच्या बैठकीत विचार करू या

• माझा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता?
• माझ्या गल्लीत एकटे राहणारे वृद्ध कोण आहेत? रात्री त्यांना दुखू लागले, तर ते कोणाला हाक मारतील? माझा फोन नंबर त्यांच्याजवळ आहे का?
• “उद्या बघू” म्हणून मी कोणते दुखणे अंगावर काढत आहे?

या महिन्यात पवित्र हृदयासमोर प्रार्थना करताना एक संकल्प करू या. देवाने दिलेले हे शरीर आपण सांभाळू आणि शेजाऱ्याच्या दुखण्याकडेही लक्ष ठेवू. येशूचे पवित्र हृदय आपणा सर्वांना निरोगी ठेवो.